मालगाडीचा शेवटचा डबा

मालगाडीचं इंजिन सगळे बघतात. वाघिणी पोरं मोजतात. शेवटचा डबा बघणं हे मात्र स्टेशनमास्तरचं नेमून दिलेलं काम होतं. खर्डीहून सुटलेली मालगाडी कसाऱ्याला आली की मास्तर झेंडी घेऊन बाहेर उभा राहायचा आणि गाडीच्या शेपटाकडे नजर लावायचा. तिथे 'एल. व्ही.' या अक्षरांची पाटी असायची, म्हणजे लास्ट व्हेईकल. रात्री त्याच जागी तांबडा टेल लॅम्प. पाटी किंवा दिवा दिसला की गाडी पूर्ण आली, मधला मार्ग मोकळा झाला, असं तो खर्डीला कळवायचा. नाही दिसला तर मागून दुसरी गाडी सोडायची नाही, कारण कपलिंग तुटून दहा-वीस वाघिणी मधेच अंधारात उभ्या असू शकतात.

ती पाटी ज्या डब्याला लटकत असे, त्या डब्यात माझी नोकरी झाली. मी मालगाडीचा गार्ड होतो.

माझं मूळ गाव मुरबाड तालुक्यात, टोकावड्याच्या बाजूला, नाणेघाटाच्या पायथ्याकडे. मुरबाडला आजही रेल्वे नाही. कल्याण-मुरबाड मार्गाची मागणी माझ्या वडिलांच्या पिढीपासूनची आहे. आम्हा मुलांना रेल्वे दिसायची ती एसटीने कल्याणला गेल्यावर. शेजारच्या शहापूर तालुक्यात मात्र वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा अशी ओळीने स्टेशनं. नोकरी लागल्यावर मी शहापूरला घर केलं ते यासाठीच. आसनगाव जवळ, तिथून कल्याण लॉबीला, म्हणजे गार्ड-ड्रायव्हर हजेरी लावतात तिथे, ड्यूटीवर जाता येई.

ज्या डब्याबद्दल लिहितोय तो आधी नीट सांगतो, कारण नव्या पिढीने तो आतून पाहिलेला नाही. कसारा लोकलच्या शेवटी जो गार्ड दिसतो, दोन घंट्या देऊन गाडी सोडतो, त्याची केबिन वेगळी. मालगाडीची ब्रेकव्हॅन ही स्वतंत्र गाडीच. आम्ही तिला नुसतं 'ब्रेक' म्हणायचो. जुनी चारचाकी ब्रेक म्हणजे पत्र्याची एक खोली आणि दोन्ही टोकांना कठड्याचे व्हरांडे. आत बाकडं, एक खुर्ची, भिंतीला दाबाचा काटा दाखवणारा गेज, आपत्कालीन ब्रेकचा दांडा, आणि मधोमध हातब्रेकचं चाक. हे चाक फिरवलं की ब्रेकचे ठोकळे डब्याच्या चाकांवर आवळले जातात. बाहेर दोन्ही बाजूंना साइड लॅम्प अडकवायची खोबण. दिवा नाही, पंखा नाही, संडास नाही. पुढे बोगीवर चालणाऱ्या आठचाकी ब्रेक आल्या, त्यांत संडासही होता आणि त्या बसायला बऱ्या होत्या. पण चारचाकी ब्रेक कितीतरी वर्षं त्यांच्या बरोबरीने चालत राहिल्या. चारच चाकं आणि वर हलकं अंग असल्यामुळे रुळाच्या प्रत्येक सांध्याचा धक्का सरळ पाठीच्या कण्यात यायचा. रिकाम्या वाघिणींच्या मागे गाडी वेगात असली की हातात पेन धरून जर्नल, म्हणजे गाडीची नोंदवही, लिहिता येत नसे. जुन्या गार्डांच्या कंबरा कशाने गेल्या, हे कोणालाही विचारा.

तरीही या डब्याबद्दल मला जे वाटतं ते प्रेमच आहे, आणि त्याचं कारण थळ घाट आहे.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, हे शाळेतल्या मुलालाही पाठ असतं. पुढचा प्रवास कमी लोकांना माहीत आहे. १८५४ मध्ये रूळ कल्याणला पोचले आणि १८५५ मध्ये वासिंदला. मग वासिंद हेच चार वर्षांहून जास्त काळ या मार्गाचं शेवटचं स्टेशन राहिलं. १८६० मध्ये गाडी आसनगावला आली, १८६१ मध्ये कसाऱ्याला, आणि तिथे पुन्हा चार वर्षं थांबली. समोर सह्याद्री उभा होता. त्या काळात घाटावरचा माल बैलगाडीने थळ घाट उतरून कसाऱ्याला यायचा आणि तिथे वाघिणीत भरला जायचा. १ जानेवारी १८६५ ला कसारा ते इगतपुरी मार्ग खुला झाला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांनी या घाटाची आखणी केली, पण तो पुरा झालेला त्यांनी पाहिला नाही. १८६२ मध्येच ते वारले.

माझ्या मुरबाडकडे याचा काय परिणाम झाला, तो आमच्या घरात सांगितला जायचा. नाणेघाटाने सातवाहनांच्या काळापासून जुन्नर आणि कोकण जोडलेलं होतं. वरच्या गुहेतला नागनिकेचा लेख आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आजही आहे. रूळ एकीकडे बोरघाटाने आणि दुसरीकडे थळ घाटाने वर गेले, आणि त्या पायवाटेवरची बैलांच्या तांड्यांची वर्दळ ओसरत गेली. मुरबाडच्या वाटेवरचा व्यापार शहापूरच्या रुळांवर गेला. आमच्या भागातला माणूस मालगाडीवर गार्ड होऊन बसला, यात मला एक प्रकारचा हिशेब पुरा झाल्यासारखा वाटत आला आहे.

थळ घाटाचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंत पंधरा-सोळा किलोमीटरमध्ये गाडी सुमारे ३०० मीटर चढते. वाटेत बोगदे आणि एहेगावचा उंच पूल, जुन्या मोजमापाने सुमारे १८० फूट. आणखी एक गोष्ट बाहेरच्या माणसाला गोंधळात टाकते. मध्य रेल्वेवर मुंबईकडे जाणारी गाडी 'अप' आणि मुंबईपासून दूर जाणारी 'डाउन'. त्यामुळे घाट चढणारी गाडी डाउन आणि घाट उतरणारी अप. नवा गार्ड पहिले काही दिवस हे मनात उलटसुलट करत बसायचा.

सुरुवातीच्या काळात मालगाडीच्या वाघिणींना सगळ्यांना जोडून लागणारा ब्रेक नव्हता. ब्रेक दोनच ठिकाणी, पुढे इंजिनाला आणि मागे ब्रेकव्हॅनला. मधल्या वाघिणी नुसत्या साखळीने ओढल्या जायच्या. उतारावर ड्रायव्हर तीन आखूड शिट्ट्या द्यायचा, त्याचा अर्थ गार्डने हातब्रेक आवळावा. गार्डने चाक फिरवायला वेळ लावला तर मागच्या वाघिणी पुढच्यांवर चढायच्या, आणि फार आवळला तर कपलिंगवर ताण येऊन गाडी मधून तुटायची. किती आवळायचं हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. ते मनगटाला कळायला लागायचं. ती तीन शिट्ट्यांची खूण आमच्या नियमावलीत माझ्या निवृत्तीपर्यंत होती.

ब्रेक न लागण्याची किंमत घाटाने लवकरच दाखवली. १८६९ च्या जानेवारीत बोरघाट उतरणारी गाडी ताब्यातून सुटली आणि गाडीची दिशा उलटवण्यासाठी बांधलेल्या रिव्हर्सिंग स्टेशनाची हद्द मोडून पुढे गेली. माणसं दगावली. उतारावर कॅच सायडिंग ठेवायची पद्धत अशा अनुभवांतून पक्की झाली. मुख्य मार्गातून फुटून वर चढणारी ही आडवाट. ताबा सुटलेली गाडी तिच्यात शिरते आणि चढावर आपोआप थांबते. थळ घाटातही या सायडिंग होत्या. इगतपुरीहून उतरणारी गाडी आधी थांबून दाखवायची, गाडी ताब्यात आहे हे सिद्ध करायचं, मगच पुढचा मार्ग मिळायचा.

पुढे व्हॅक्यूम ब्रेक आला. इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत एकच नळी, तिच्यातली हवा ओढून घेतलेली. कुठेही नळी तुटली की हवा आत शिरते आणि सगळ्या वाघिणींचे ब्रेक लागतात. माझ्या नोकरीची सुरुवात व्हॅक्यूमच्या गाड्यांवर झाली. सुटण्याआधी इंजिनात ४६ सेंटिमीटर आणि माझ्या गेजवर निदान ३८ दिसायला हवेत. दिसेपर्यंत मी हिरवी झेंडी दाखवायची नाही. नंतर एअर ब्रेक आला. तिथे नळीत हवा भरलेली असते, इंजिनात ५ किलो आणि ब्रेकमध्ये ४.८. आकडे बदलले, पण शेवटच्या डब्यातला गेज बघून हो म्हणणारा माणूस तोच राहिला. गाडी कितीही लांब असो, हवा तिच्या टोकापर्यंत पोचली की नाही हे टोकाला बसलेल्यालाच दिसतं.

हातब्रेकची विद्या जिवंत पाहायला अलीकडेपर्यंत फार लांब जावं लागत नसे. नेरळ-माथेरानची गाडी १९०७ मध्ये सुरू झाली, आदमजी पीरभॉय कुटुंबाने ती बांधली. त्या छोट्या गाडीत डब्यागणिक ब्रेक आवळायला माणूस असे, आणि इंजिनाच्या शिटीवर तो चाक फिरवत असे. थळ घाटातल्या पहिल्या गार्डांनी उतारावर काय केलं असेल, त्याचं सगळ्यात जवळचं रूप तिथे पाहायला मिळे. घरी पाहुणे आले की मी त्यांना माथेरान दाखवायला नेत असे, आणि पाहुणे दरीकडे बघत असताना मी त्या ब्रेकवाल्याच्या हाताकडे बघत असे.

१९३० च्या सुमारास कल्याण ते इगतपुरी विजेवर गेलं. मालगाडीला जी लांब नाकाची, पुढून-मागून सारखी, मधून वळणारी विजेची इंजिनं आली त्यांना सगळे 'खेकडा' म्हणायचे. एक खेकडा वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात ठेवलेला आहे. वीज आली म्हणून आमच्या डोंगरांचाही रेल्वेशी नवा संबंध जुळला. १९४२ च्या लढ्यात माथेरानचे वकील भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ ला मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या जंगलात कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मे झाले. आमच्याकडे दरवर्षी तिथे माणसं जमतात. रेल्वे मुरबाडला आली नाही, पण रेल्वे ज्या विजेवर चालत होती ती मुरबाडच्या रानात लपलेल्या माणसांनी तोडून दाखवली.

आता घाट चढण्याबद्दल. चढावर एका इंजिनाने भागत नाही, म्हणून कसाऱ्याला मागून ढकलणारी इंजिनं लावतात. त्यांना बँकर म्हणतात. मालगाडीला बँकर लागतो तो ब्रेकव्हॅनच्या मागे. म्हणजे कसाऱ्यापर्यंत गाडीत सगळ्यात शेवटी असलेला मी आता मधे आलो, पुढे चाळीसच्या वर वाघिणी आणि पाठीला टेकून शेकडो टनांची घरघरणारी इंजिनं. पुढचा ड्रायव्हर शिटी देतो, मागचा उत्तर देतो, मग मागून एक दाब येतो. तो दाब एकेका वाघिणीतून पुढे सरकत जातो, बफर एकमेकांवर आपटत जातात, आणि तो आवाज माझ्यापासून सुरू होऊन लांब इंजिनापाशी जाऊन विझतो. त्यानंतर गाडी हलते. पत्र्याची खोली अशी थरथरते की पाण्याची बाटली बाकावर ठेवता येत नाही.

बँकर मागेच का, तर केवळ ढकलायला नव्हे. चढावर कपलिंग तुटलं आणि वाघिणींचे ब्रेक पुरे पडले नाहीत तर मागचा तुकडा उतारावरून कसाऱ्याकडे परत धावणार. मागे इंजिन असेल तर तो तुकडा थांबतो. बँकर नसलेल्या साध्या चढावर तुटला तर त्याला थोपवायला ब्रेक आणि हातब्रेकचं चाक एवढंच. तेव्हा गार्ड म्हणजे झेंडी दाखवणारा बाबू असं कोणाला वाटत असेल, तर ते मनातून काढून टाकावं.

पावसाळ्यात हाच घाट वेगळा होतो. जून-जुलैत घाटातल्या 'टीजीआर' नावाच्या ठाण्यांपाशी डोंगरावरून पाणी रुळांवर उतरायचं, बोगद्यातून बाहेर पडावं तर ढगात शिरावं. दगड कोसळायचे, माती वाहून यायची. गँगमन गोणपाटाचं घोंगतं डोक्यावर घेऊन रात्रभर रुळावर गस्त घालायचे, हातात कंदील आणि झेंडी. त्यांची घाटातली वस्ती रस्त्यापासून तुटलेली. त्यांचं रेशन, पाण्याचे डबे, आजारी माणूस, हे सगळं आमच्याच गाड्यांनी वर-खाली व्हायचं. लेखी परवानगी असलेला माणूस ब्रेकमध्ये बसू शके. थळ घाट मला जेवढा कळला तेवढा त्या माणसांच्या बोलण्यातून. कुठल्या मोरीखाली पाणी तुंबतं, कुठला कडा सैल झालाय, हे ते बोटाने दाखवायचे. त्यांतले बरेच आमच्याच भागातले, ठाकर आणि कोळी.

गाडी मधेच बंद पडली की गार्डचं खरं काम सुरू होई. चार आखूड शिट्ट्या आल्या की समजायचं, गाडी पुढे जात नाही, मागचं रक्षण कर. गार्डने पेटीतून डिटोनेटर काढायचे, हातात तांबडा दिवा धरायचा आणि गाडीच्या मागे चालत निघायचं. डिटोनेटर म्हणजे रुळावर पट्टीने बसवायचा चपटा फटाका. मागून येणाऱ्या गाडीचं चाक त्यावरून गेलं की तो मोठ्याने फुटतो आणि ड्रायव्हर थांबतो. ६०० मीटरवर एक लावायचा, १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन. म्हणजे एक किलोमीटरहून जास्त अंधारात खडीवरून चालत जायचं. खर्डी आणि कसारा यांच्यामध्ये, पावसात, हे चालणं मी केलं आहे. बाजूला तानसा अभयारण्याचं रान, बिबट्याचा वावर सगळ्यांना माहीत. बिबट्याची भीती मला तेव्हा वाटली नाही, मागून येणाऱ्या गाडीची वाटली, कारण त्या गाडीचा ड्रायव्हर आणि माझ्या गाडीची शेपटी यांच्यामध्ये त्या रात्री मीच होतो.

गार्डच्या संसाराची एक पेटी असायची. तिला लाइन बॉक्स म्हणायचे. टेल लॅम्प, साइड लॅम्प, हातबत्ती, दोन झेंड्या, फटाक्यांचा डबा, प्रथमोपचाराचं सामान, नियमांचं पुस्तक, वेळापत्रक, जर्नल, घड्याळ. पेटी इतकी जड की ती ब्रेकमध्ये चढवायला पेटीवाला असे. नंतर चाकांच्या बॅगा आल्या. रात्री दोन वाजता दार वाजवून 'साहेब, कॉल आहे' म्हणणारा कॉलमन, त्याच्या वहीत झोपेत केलेली सही, मग इगतपुरीच्या रनिंग रूममध्ये, म्हणजे आमच्या विश्रांतिगृहात, आपलाच शिधा खानसाम्याच्या हाती देऊन शिजवून घेतलेलं जेवण. पिशवीत घरून तांदळाची भाकरी आणि भाजलेला बोंबील असला की त्या मोठ्या टेबलावर वाटेकरी जमायचे. १९७४ च्या रेल्वे संपात कोण कुठे होतं, कोणाची नोकरी गेली, कोण परत आलं, हे तिथे वर्षानुवर्षं बोललं जाई. नवे पोरगे ते ऐकत ऐकतच रेल्वेवाले होत.

मालही काळाप्रमाणे बदलत गेला. घाटावरून कांदा, गहू, साखर खाली यायची. ट्रॉम्बेच्या कारखान्यांतून तेलाच्या टाक्या आणि खत वर जायचं. १९८९ मध्ये उरणला जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं आणि मग कंटेनरच्या गाड्या वाढत गेल्या. त्याआधीच्या पिढीतले गार्ड शहापूर-मुरबाडकडच्या गवताच्या गासड्या, लाकूड आणि कोळसा मुंबईला जायचा त्याच्या आठवणी सांगत. मुंबईच्या तबेल्यांतल्या म्हशी आणि टांग्यांचे घोडे आमच्या माळावरच्या गवतावर जगले, असं ते मोठ्या अभिमानाने म्हणत.

अमेरिकेत या डब्याला कबूस म्हणतात, आणि तिथे त्याचं जे कौतुक आहे त्याचा मला हेवा वाटतो. तांबडा रंग, आत कोळशाची शेगडी, झोपायला फळ्या, आणि कित्येकांच्या छपरावर काचेची एक छोटी माडी. गार्ड त्या माडीत बसून पूर्ण गाडीवर नजर ठेवायचा. नजर कशासाठी, तर तापलेल्या अॅक्सलसाठी. जुन्या वाघिणींच्या चाकांचे दांडे तेलात भिजवलेल्या सुताच्या बोळ्यांवर फिरायचे. तेल संपलं की दांडा तापून लाल व्हायचा, धूर निघायचा, शेवटी तुटायचा. आम्ही हेच काम व्हरांड्यात उभं राहून करायचो. गाडी वळणावर आली की लांबची वाघीण दिसते, तेवढ्यात धूर पाहून घ्यायचा. रात्री ठिणगी दिसे. वासही यायचा, आणि तो वास एकदा ओळखला की माणूस झोपेतूनही उठतो.

त्यांच्याकडे पुष्कळ वर्षं एकेक कबूस एकेका गार्डाच्या नावे असे. तो आत पडदे लावायचा, भांडी ठेवायचा, घरच्यांचे फोटो टांगायचा. आमच्याकडे ब्रेक कोणाच्याच नावावर नव्हती. मी इगतपुरीला उतरलो की दुसरा गार्ड चढायचा आणि ती ब्रेक त्याच्याबरोबर मनमाडकडे किंवा भुसावळकडे निघून जायची. मला वाटतं आमची ब्रेक कोणाच्या आठवणीत राहिली नाही याचं हेही एक कारण आहे. पण भिंतीवर खडूने लिहिलेले आकडे, कोण्या गार्डने खिळा ठोकून केलेली कंदिलाची जागा, बाकाखाली चिकटवलेलं गणपतीचं चित्र, हे असायचंच. ते कोणी लावलं हे कधी कळलं नाही, आणि कोणी काढूनही टाकलं नाही.

१९८० च्या दशकात अमेरिकेतले कबूस गेले. रोलर बेअरिंग आले, रुळाशेजारी तापमान मोजणारी यंत्रं बसली, आणि शेवटच्या वाघिणीला एक पेटी लावली की ती ब्रेकचा दाब रेडिओने इंजिनात कळवू लागली. तिकडे लोकांनी जुने कबूस विकत घेतले. गावोगावच्या बागेत, संग्रहालयात, हॉटेलांच्या अंगणात ते उभे आहेत. काहींत माणसं राहतात.

आपल्याकडे तोच बदल आता चालू आहे. वाघिणींना रोलर बेअरिंग केव्हाच आले. स्टेशनमास्तरच्या डोळ्यांच्या जागी अॅक्सल काउंटर बसले आहेत, ते आत गेलेली आणि बाहेर आलेली चाकं मोजतात. मालगाडीच्या शेवटाला दाब कळवणारी यंत्रं लावून ब्रेकव्हॅनशिवाय गाड्या चालवण्याचे प्रयोग काही वर्षांपासून होत आहेत. ब्रेक नसली की एक जादा वाघीण जोडता येते, माणूस वाचतो, शंटिंगचा वेळ वाचतो. जानेवारी २०२२ मध्ये गार्डचं पदनाम 'ट्रेन मॅनेजर' झालं. ते नाव मानाचं आहे आणि तरुण पोरांना ते मिळालं याचा मला आनंद आहे. यंत्राविरुद्धही माझं काही म्हणणं नाही. कुठल्याही माणसाला जुलैच्या रात्री पंखा-दिव्याशिवाय पत्र्याच्या खोलीत बारा तास बसवू नये. हे बदललं, ते बरंच झालं.

पण काम संपलं म्हणून वस्तू भंगारात जावी हे मला मान्य नाही. इंजिनांना आपण जपतो. वाफेची इंजिनं रंगवून स्टेशनांबाहेर चौथऱ्यावर उभी करतो, मुलं त्यांच्यावर चढून फोटो काढतात. ते हवंच. मात्र थळ घाटाच्या दीडशेहून अधिक वर्षांत जवळजवळ प्रत्येक मालगाडीला जसं इंजिन होतं तशीच शेवटी ब्रेकही होती, आणि शहापूर तालुक्यात ती कुठेही ठेवलेली मला दिसलेली नाही. चारचाकी जुनी ब्रेक दुर्मीळ होत चालली आहे. ती वजनावर विकली जाते, कापली जाते, आणि एकदा कापली की परत बनवणारं कोणी नाही. तिचं हातब्रेकचं चाक फिरवून पाहिल्याशिवाय, व्हरांड्यात उभं राहून पुढच्या वाघिणींकडे पाहिल्याशिवाय, घाटातली रेल्वे म्हणजे काय ते मुलाला समजणार नाही. इंजिन पाहून त्याला ओढणं कळेल. थांबवणं कळायला ब्रेकच पाहावी लागेल.

म्हणून मध्य रेल्वेकडे माझी विनंती आहे की एक जुनी चारचाकी ब्रेक, गेज, हातब्रेक, साइड लॅम्प आणि एल. व्ही. पाटीसकट, कसारा स्टेशनाच्या आवारात उभी करावी, आणि शेजारी घाट खुला झाल्याची १ जानेवारी १८६५ ही तारीख मराठीत लिहावी. आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा आणि इगतपुरी इथल्या ज्या घरांत गार्डचा कंदील, पितळी शिटी, जुनं जर्नल पडलं असेल त्यांनी ते भंगारवाल्याला देऊ नये. घरातला म्हातारा गार्ड अजून बोलत असेल तर त्याच्याकडून घाटातल्या हकीकती आजच लिहून घ्याव्यात. या मागणीचा अर्ज मी तयार केला आहे, सह्यांसाठी तो घेऊन मी लवकरच तुमच्या स्टेशनवर येतो आहे.